वंशावळीत न लिहिलेलं

माझ्या माहेरच्या घराण्यात माणसं पन्नाशीच्या आत जातात, हे भावकीत सगळ्यांना माहीत होतं. कशानं जातात, ते मात्र कुणी नीट सांगत नसे. आजोबांच्या पोटात गोळा झाला होता. वडिलांना मूळव्याध होती. थोरले चुलते खंगत गेले. धाकट्या आत्याची पिशवी काढली, पण ती त्यातून उठलीच नाही. प्रत्येकाच्या दुखण्याला घरानं वेगळं नाव दिलेलं होतं, त्यामुळे ही चार मरणं एकमेकांशेजारी ठेवून बघावीत असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

आमचं गाव मिरज तालुक्यातलं. तिथे अजून हेळवी येतात. बेळगावकडची ही मंडळी सांगली-कोल्हापूर भागातल्या घराघरांची वंशावळ पिढ्यान् पिढ्या सांभाळून आहेत. पूर्वी बैलावर बसून यायचे. सोप्यात घोंगडं अंथरलं जातं, वही उघडली जाते आणि एका लयीत वाचन सुरू होतं: मूळ पुरुष कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, कोणाचा वंश वाढला, कोणाचा खुंटला. मधल्या काळात जन्मलेल्या मुलग्यांची नावं वहीत चढतात, हेळव्याला धान्य आणि पैसे दिले जातात. लहानपणी मला हे वाचन फार आवडायचं. इतक्या मागची माणसं आपली आहेत, या कल्पनेनंच अंगावर काटा यायचा.

त्या वहीत माझ्या आत्याचं नाव नाही. माझंही नाही. कोण कशानं गेलं याची नोंद तर कुणाचीच नाही. यात हेळव्यांना बोल लावण्यासारखं काही नाही. वही राखली जाते ती वाटण्या, मानपान आणि सोयरिकी यांच्यासाठी, आणि त्या कामाला मुलग्यांची नावं पुरतात. रक्तातून काय उतरत आलं हे कळायला मात्र ती पुरत नाहीत, हे आम्हाला दादाच्या आजारपणात समजलं.

दादा तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. जिना चढताना धाप लागायची, चेहरा पांढुरका दिसायचा. हिमोग्लोबिन सात निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, थोडं वाढलं, पुन्हा उतरलं. शौचावाटे रक्त पडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून पोटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पुढे एका डॉक्टरांनी आग्रह धरून कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करायला लावली आणि आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ सापडली. उजवीकडचं आतडं रुंद असतं, तिथला मळ पातळ असतो. गाठ बरीच वाढेपर्यंत अडथळा येत नाही. थेंब थेंब रक्त मळात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. माणूस नुसता फिकट होत जातो. चाळिशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं, तर रक्त कुठून जातंय हे शोधल्याशिवाय कुणीही गोळ्यांवर थांबू नये, हे मी आता भेटेल त्याला सांगते. वडिलांचं रक्त तर डोळ्यांना दिसत होतं, तरी मूळव्याध म्हणून कितीतरी महिने पुड्या आणि मलमं चालली. आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर मूळव्याध-भगंदराची पाटी नाही असं गाव विरळा. रक्त दिसलं की माणूस आधी त्या पाटीकडे वळतो.

शस्त्रक्रिया झाल्यावर दादाच्या डॉक्टरांनी आम्हाला जनुकीय समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी मोठा कोरा कागद घेतला आणि आमचं घराणं काढायला सुरुवात केली. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ. आजारी असेल तर चौकोन भरायचा, गेलेला असेल तर त्यावर तिरकी रेघ. प्रत्येकासमोर आजाराचं नाव आणि तो झाला तेव्हाचं वय. माझ्या माहेरच्या वंशावळीत आत्या पहिल्यांदा आली ती या कागदावर. "आत्याला नेमकं काय झालं होतं?" बाईंनी विचारलं. आम्ही दोघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो.

उत्तर होतं थोरल्या काकूंकडे. सोळाव्या वर्षी त्या या घरात आल्या. घरातली प्रत्येक उलटी, प्रत्येक ताप, प्रत्येक मरण त्यांनी निस्तरलं होतं.

"अगं, पिशवी उगाच न्हवती काढली तिची," काकू म्हणाल्या. "पाळी संपली तरी अंगावर जायचं थांबेना. डॉक्टरनं तुझ्या आज्जीला बाजूला घेऊन सांगितलं, पिशवीचा कॅन्सर हाय म्हणून. आज्जीनं मला शपथ घातली. घरात लग्नाच्या पोरी हायत, बाहेर बोलायचं न्हाई."

"आणि काका?"

"तुझ्या काकांचं आतड्याचंच की. मुंबईला दाखवलं हुतं."

शपथेला तीस वर्षं होऊन गेली होती आणि आज्जीही राहिली नव्हती. काकूंनी त्या दुपारी सगळं सांगितलं: कोणाचं काय, कितव्या वर्षी, कुठल्या डॉक्टरांनी काय म्हटलं होतं. बाईंच्या कागदावर एकेक आकृती काळी होत गेली. हेळव्याच्या वहीत नसलेला सगळा इतिहास सासरी आलेल्या एका बाईच्या डोक्यात जसाच्या तसा होता. तिला तो कुणी विचारलाच नव्हता.

हे सगळं नंतर वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की घराण्यातून उतरणाऱ्या या कॅन्सरची वैद्यकातली गोष्टही एका बाईनं तोंड उघडल्यामुळेच सुरू झाली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं अॅन आर्बर हे विद्यापीठाचं गाव. १८९५ मध्ये तिथले विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, प्राध्यापक अल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्या घरची शिवणकाम करणारी बाई म्हणाली, की मी लवकरच मरणार आहे, आमच्या घरात सगळे आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात. ती धडधाकट होती. वॉर्थिननी तिचं बोलणं झटकून टाकलं नाही. तिच्या नातेवाइकांची माहिती ते जमवत गेले आणि १९१३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. हे कुटुंब जर्मनीहून आलेलं, वैद्यकात ते 'फॅमिली जी' म्हणून ओळखलं जातं. ती बाई पुढे, तिनं म्हटलं होतं तशीच, गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली.

कॅन्सर वारशानं येतो यावर त्या काळी फारसा कुणाचा विश्वास नव्हता. वॉर्थिननंतर त्यांचे सहकारी कार्ल वेलर यांनी १९३६ मध्ये त्याच घराण्याची पुढची नोंद छापली. मग नेब्रास्कातल्या ओमाहा गावी हेन्री लिंच नावाच्या तरुण डॉक्टरांना १९६२ मध्ये एक रुग्ण भेटला. तोही तेच म्हणत होता, आमच्यात सगळे कॅन्सरनंच मरतात. लिंचनी त्याचं घराणं शोधून काढलं, आणखी घराणी शोधली, १९६६ मध्ये त्यावर लेख लिहिला. संशोधनासाठी केलेले त्यांचे अर्ज नाकारले जात होते. तरी वंशावळी गोळा करणं त्यांनी सोडलं नाही. 'फॅमिली जी'चे कागदही शेवटी त्यांच्याच हाती आले आणि १९७१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकारी अॅन क्रश यांनी त्या घराण्याची पुढची हकीकत लिहिली. आज या आजाराला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. कारणीभूत जनुकांपैकी पहिलं, एमएसएच-२, १९९३ मध्ये सापडलं. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यातला नेमका दोष २००० मध्ये पकडला गेला, आणि तो त्याच जनुकात निघाला. तिच्या त्या बोलण्यानंतर एकशे पाच वर्षांनी.

एमएसएच-२ हे नाव आमच्याही घरात आलं. पेशी दुभंगताना तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात, सगळ्यांच्याच होतात. त्या दुरुस्त करणारी काही प्रथिनं पेशीत असतात. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही जनुकं ती प्रथिनं तयार करतात. यातल्या एका जनुकाची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असली, तरी दुसरीवर काम निभतं. आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की त्या पेशीत चुका साठत जातात. बिघडलेली प्रत आईवडिलांपैकी एकाकडून येते, आणि प्रत्येक अपत्यात ती उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. हा प्रकार काही फार दुर्मीळ नाही. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजांनुसार तीनशेत एखाद्या माणसात तो असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

दादाच्या बाबतीत हे कळलं ते ब्लॉकमुळे. कॅन्सरच्या दवाखान्यात फिरलेल्या माणसाला 'ब्लॉक आणि स्लाइड' हे शब्द पाठ असतात. दोन बोटांत मावणारी प्लास्टिकची जाळीदार चौकट, कडेला लिहिलेला नंबर आणि मेणात रुतलेला करडा तुकडा. माझ्या भावाच्या पोटातला तो तुकडा मी पर्समध्ये घालून एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये नेला. त्यावर खास रंगद्रव्यं टाकून ती चार प्रथिनं आहेत की नाहीत हे बघतात. दादाच्या गाठीत एमएसएच-२ आणि एमएसएच-६ दोन्ही गायब होती. एमएसएच-६ला टिकून राहायला एमएसएच-२ची जोड लागते, त्यामुळे मूळ दोष बहुधा एमएसएच-२मध्ये, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्ताच्या तपासणीत ते खरं ठरलं. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर ब्लॉक कुठे आहे याची चौकशी करून ठेवा. माणूस गेल्यावरही त्या मेणातल्या तुकड्याकडून पुढच्यांना उत्तर मिळू शकतं.

तपासणी आधी आजारी माणसाची करायची, याला कारण आहे. त्याच्यात नेमका दोष सापडला, की बाकीच्यांच्या रक्तात फक्त तेवढीच एक गोष्ट बघायची असते. काम सोपं होतं, खर्च कमी होतो, आणि 'नाही' असा निकाल आला तर त्यावर विश्वास ठेवता येतो. दोष ठाऊक नसताना धडधाकट माणसाची तपासणी केली, तर निकालात काही न सापडण्याला फारसा अर्थ उरत नाही. कधीकधी जनुकात असा बदल दिसतो की तो घातक आहे की निरुपद्रवी हे आज सांगताच येत नाही. अशा बदलावरून शस्त्रक्रियेचे निर्णय घ्यायचे नसतात, हेही बाईंनी आम्हाला बजावून सांगितलं.

माझ्या रक्तात तो दोष निघाला. धाकट्या बहिणीच्या निघाला नाही. बहीण माझ्यापेक्षा जास्त रडली.

लिंच सिंड्रोम असलेल्या माणसानं कोलोनोस्कोपी कधी सुरू करायची आणि किती वेळा, हे जनुकावर ठरतं. एमएलएच-१ आणि एमएसएच-२ असेल तर साधारण पंचविशीपासून, घरात कुणाला फार लहान वयात झाला असेल तर त्याहीआधी. एमएसएच-६ आणि पीएमएस-२मध्ये धोका कमी, त्यामुळे पस्तिशीच्या आसपास सुरुवात केली तरी चालते. इतर लोकांत आतड्यातल्या कोंबाचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला दहा वर्षं लागू शकतात. लिंचमध्ये तेच दोन-तीन वर्षांत होऊ शकतं. म्हणून दर एक-दोन वर्षांनी नळी आत घालून बघायचं.

कोलोनोस्कोपीला लोक घाबरतात. मला वाटतं खरी परीक्षा आदल्या दिवशीची असते. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, बियांची फळं, तीळ, दाणे बंद. घरात कुणाला 'उपास आहे' म्हणून सांगितलं, तर साबुदाण्याची खिचडी पुढ्यात येते, आणि तिच्यात नेमके दाण्याचं कूट. मऊ भात आणि ताक बरं. आदल्या दिवशी फक्त शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा. कोकम सरबत, बीट, डाळिंब यांना हात लावायचा नाही, कारण त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मग ती पावडर, पाण्यात कालवून, निम्मी संध्याकाळी आणि निम्मी पहाटे. खारट, वर लिंबाचा खोटा वास. थंड केली तर घशाखाली उतरते. शेवटी पोटातून नितळ पिवळसर पाणी येतं, तेव्हा समजायचं की तयारी झाली. लिंचमधले पॉलिप पुष्कळदा चपटे असतात, उजव्या बाजूला असतात, आणि मळाचा पातळ थर राहिला तरी त्याखाली लपतात. म्हणून शेवटचा पेला टाकून द्यावासा वाटतो तेव्हा मी दादाच्या उजव्या आतड्याचा विचार करते आणि पिऊन टाकते.

तपासणी स्वतः फार त्रासाची नसते. डाव्या कुशीवर झोपवतात, शिरेतून गुंगीचं औषध देतात. रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी बघाव्यात. नळी सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उगमापर्यंत, पोचली होती का, आणि आतडं नीट साफ होतं का. नळी बाहेर घेताना डॉक्टरांनी किती वेळ दिला, हेही विचारायला हरकत नाही. किमान सहा मिनिटं तरी हवीत असा संकेत आहे. एकदा माझ्या उजव्या आतड्यात चार मिलिमीटरचा पॉलिप सापडला. तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे कापून काढला. मी गुंगीतून जागी झाले तेव्हा तो औषधाच्या छोट्या बाटलीत तरंगत होता. कॅन्सर नव्हता. माझ्या वडिलांच्या पोटातही कधीतरी एवढाच काहीतरी असणार, हे त्या बाटलीकडे बघताना डोक्यातून जाईना. ही तपासणी कॅन्सर शोधते एवढंच नाही, तो होण्याआधीच उपटून टाकते. इतर किती कॅन्सरच्या तपासण्यांना हे साधतं?

फिनलंडमध्ये लिंचच्या बावीस घराण्यांतल्या २५२ माणसांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १३३ जणांनी दर तीन वर्षांनी आतडं तपासून घेतलं, ११९ जणांनी नको म्हटलं. तपासून घेणाऱ्यांत आठ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांत एकोणीस जणांना. आतड्याच्या कॅन्सरनं मृत्यू पहिल्या गटात एकही नाही, दुसऱ्यात नऊ. हे आकडे मी दादाला वाचून दाखवले. आठ जणांना झालाच की, असं तो म्हणाला. खरंच आहे. वेळेवर तपासूनही कॅन्सर होऊ शकतो. पण तो लवकर सापडतो आणि बहुतेक माणसं जगतात. अॅस्पिरिनचाही उपयोग दिसला आहे. ब्रिटिश जनुकतज्ज्ञ जॉन बर्न यांच्या गटानं लिंच असलेल्या ८६१ जणांवर केलेल्या अभ्यासात रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत काही वर्षांनंतर कॅन्सर कमी आढळले. तरी ती गोळी डॉक्टरांना न विचारता कुणी सुरू करू नये, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आतड्यात शेकडो पॉलिप होणारा वारसा वेगळा, एपीसी जनुकाचा. त्यात मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करावी लागते, कारण आतडं वेळेवर काढलं नाही तर कॅन्सर जवळजवळ अटळ असतो.

बायकांचा प्रश्न मात्र आतड्यावर संपत नाही. एमएसएच-२मध्ये दोष असलेल्या बाईला गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका आतड्याच्या धोक्याच्या तोडीचा असतो. त्याला कोलोनोस्कोपीइतकी भरवशाची तपासणी नाही. मुलं झाल्यावर, चाळिशीच्या आसपास, गर्भाशय आणि बीजकोश काढण्याचा विचार करा असं डॉक्टर सुचवतात. आमच्या भागात पिशव्या इतक्या किरकोळ कारणांनी काढल्या गेल्या आहेत, की मला कुणी हे सुचवलं असतं तर मी दवाखाना बदलला असता. आता कारण माझ्यासमोर लिहून ठेवलेलं आहे, आणि निर्णय मी घेणार आहे. आत्याला कुणी कारणही सांगितलं नव्हतं.

भारतात मोठ्या आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानानं कमी आहे. सरकारी तपासणी तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची होते, आतड्याची होत नाही. त्यामुळे दारावर येऊन कुणी विचारणार नाही. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात कॅन्सरच्या जनुकांचं क्लिनिक आहे, पण तिथवर पोचायला आधी घरातल्या माणसानंच घरातल्या माणसाला सांगावं लागतं. म्हणून मी एक पानाचं पत्र लिहिलं: दोषाचं नेमकं नाव, दादाच्या रिपोर्टमधली ती ओळ, कुणी काय तपासायचं, कितव्या वर्षापासून. भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं नाही. एकेकाला फोन करून विचारलं आणि मग पाठवलं. आतेबहिणीनं लगेच तपासणी करून घेतली. काकूंचा मुलगा, आमचा आप्पा, चव्वेचाळीस वर्षांचा, म्हणाला, "लेकीचं लग्न होऊ दे, मग बघू. आत्ताच कळलं तर कोण स्थळ देईल?"

आज्जीनं घातलेली शपथच ही, दुसऱ्या तोंडातून आलेली. त्याला मी सांगितलं, की रिपोर्ट कुणाला दाखवायचा नाही, फक्त डॉक्टरांना. तपासणी तुझी आहे, लग्न तिचं. त्यानं फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात त्याच्या लेकीचा फोन आला. बावीस वर्षांची, मिरजेत नर्सिंग शिकते. "आत्या, त्या कागदाचा फोटो पाठव. आज्जीनं सगळं सांगितलंय मला." तिची आज्जी म्हणजे आमच्या थोरल्या काकू. सज्ञान आहे, तिला स्वतःची तपासणी करून घेता येते. पण एक पेच आहे आणि तो तिनंच मांडला: तिच्यात दोष निघाला, तर तो बाबांकडूनच आलेला असणार, म्हणजे त्यांनी न विचारलेलं उत्तर त्यांना मिळणार. त्यांनी आधी करून घेतली आणि 'नाही' आलं, तर तिला सुईसुद्धा टोचून घ्यावी लागणार नाही. तिनं ठरवलं आहे, आधी बाबांशी बोलायचं. महिनाभर थांबायचं. तरी नाहीच म्हणाले, तर त्यांना सांगून स्वतःचं रक्त द्यायचं. रविवारी मी मिरजेला जाते आहे. काकूही असतील. बोलायला सुरुवात त्या करणार आहेत, असा त्यांचा निरोप आहे.